आरसा फिरवून रिक्षा चालवणारे युसूफभाई

युसूफभाईंची आणि माझी पहिली गाठ नवी पेठेत पडली आणि पहिलंच बोलणं भांडणाचं झालं. गौरवग्रंथात असं लिहीत नसतील, पण झालं तसं लिहिते.

त्या दिवशी मी पुतणीच्या बाळाच्या बारशाला अंगडं-टोपडं घ्यायला गेले होते. दुकानदारानं माझ्यापुढं टोपड्यांचा ढीग केला, मी घेतलं एक. दमून कोपऱ्यावरच्या रिक्षात बसले. रिक्षात बसलं की समोरच्या आरशात बघून पदर नीट करायची मला सवय. बघते तर आरसा छताकडं तोंड करून बसलेला!

"अवं भाऊ, आरसा बिघडलाय की तुमचा."

"बिघडला न्हाय अम्मा. मीच फिरवलाय."

"मग मागनं ट्रक आला तर काय देव सांगतो व्हय तुमाला?"

"भाईर दोन आरसे हायत की. ह्यो आतला. आत बसल्यालं मानूस बघायचा."

"मग बघा की! आमी काय चोर हाय?"

ते हसले, पण मान काही मागं वळवली नाही. "बघितलं न्हाय की मानूस मोकळा बसतो, अम्मा."

मला कळलं नाही ते नाहीच. घरी येऊन शेजारणीला सांगितलं, नवी पेठेत एक येडा रिक्षावाला हाय. तो रिक्षावाला म्हणजेच आज साठ वर्षांचे झालेले आपले युसूफभाई. तो शब्द मी आज सगळ्या मंडळींसमोर परत घेते.

मी कोण ते सांगते. माझं नाव पारूबाई. मूळचे आम्ही माळशिरसकडचे, मेंढरं राखणारे. लग्न होऊन सोलापुरात आले आणि डोळे अधू होईपर्यंत विड्या वळल्या. शाळा चौथीपर्यंत, तीही पावसाळ्यापुरती, कारण बाकीचे महिने आम्ही मेंढरांमागं. या ग्रंथात डॉक्टर लिहिणार, प्राध्यापक लिहिणार, ते युसूफभाईंचं काम नीट मांडतील. मला युसूफभाईंकडं येणारी पोरं म्हणाली, आज्जी, तू तुझं लिही. म्हणून वहीत लिहिलं. काना-मात्रा अक्षयनं बघितल्या. अक्षय माझा नातू. त्याचे आईबाप गावी ऊस बघतात, हा शाळेपासून माझ्याकडं. त्याच्याशिवाय हा लेख होत नाही. मी त्याला विचारलं, "नाव बदलून लिहू का रं?" तर म्हणाला, "नको आज्जी. लई वर्सं बदलूनच जगलोय."

आता काम. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते, आणि सरळ सांगते, आडपडदा युसूफभाईंना चालत नाही. आपल्यात काही पुरुषांना पुरुष आवडतात. काहींना पुरुषही आवडतात आणि बायकाही. त्यातल्या कितीतरी जणांची लग्नं झालेली, घरात पोरंबाळं. ही माणसं कुठून बाहेरून आलेली नाहीत, तुमच्या-माझ्या गल्लीतलीच. पण अंगावर काही उठलं, दुखलं, तर दवाखान्यात सांगायची त्यांना चोरी. मग ती लाज दाबायला कुणी दारू घेतो, कुणी झोपेच्या गोळ्या, कुणी ती एमडी म्हणतात ती पांढरी पावडर. आणि नशेत निरोध आठवत नाही, औषधाची वेळ आठवत नाही, सकाळी तर काहीच आठवत नाही. मला हे सत्तरी गाठेपर्यंत ठाऊक नव्हतं. विड्या वळणाऱ्या बायका काय कमी बोलतात? सगळ्या गावाचं बोलतात. पण हे कधी कुणी बोललं नाही.

युसूफभाई या माणसांना तपासणीला नेतात, औषध चालू होईपर्यंत सोबत बसतात, नशा सोडायची असेल त्याला दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंसमोर नेऊन बसवतात. सुटत नसेल तर सुटेपर्यंत जीव कसा जपायचा ते सांगतात. बायको असलेला आला तर तिचीही तपासणी कशी करायची, तिला काय आणि कसं सांगायचं, तेही त्याच्याबरोबर बसून ठरवतात. नवी पेठेत एका कापड दुकानाच्या वर त्यांच्या केंद्राच्या दोन खोल्या आहेत. पण त्या जिन्याची पहिली पायरी चढायलाच छाती लागते. ती नसलेल्यांसाठी खाली रिक्षा. मागं बसायचं, बोलायचं. पुढचा माणूस रस्ता बघतो. म्हणून तो आरसा छताकडं. हे मला कळलं ते माझ्यावर वेळ आली तेव्हा.

अक्षय पुण्याला कंपनीत होता. एक दिवस अचानक पिशवी घेऊन आला, म्हणाला, "काम सुटलं आज्जी." पोराच्या अंगावर मांस नाही. दोन दिवस डोळा लागायचा नाही, मग दोन दिवस उठायचा नाही. बसल्या जागी दात खायचा. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी म्हणजे त्याचा जीव, तीही ताटात तशीच. असे दोन महिने गेले. मी टीव्हीवर बघत होते, पुण्याकडं पोरं पावडरी ओढतात, गोळ्या खातात. माझ्या मनानं घेतलं. तो बाहेर गेल्यावर पिशवी उपसली. तळाला पांढरी प्लॅस्टिकची बाटली, आत गोळ्या. सापडला म्हटलं चोर! सगळ्या गोळ्या मोरीत ओतल्या, वरून दोन तांबे पाणी. बाटलीही चुलीत घातली. अशी खूष झाले म्हणता, शिरा करायला घेतला.

अक्षय आला. पिशवी बघितली. मी आपली फुशारकीनं म्हणाले, "हुडकू नको. तुझी नशा गटारात गेली."

तो खालीच बसला. म्हणाला, "आज्जी, ती नशा न्हवती गं. जगायचं औषध व्हतं त्ये. मला एचआयव्ही हाय."

मग बाकीचंही त्यानं सांगितलं. बायका नाहीत, पुरुष आवडतात. पावडर कधी, कशी लागली. मी मधे एक शब्द बोलले नाही, आणि तीच माझी दुसरी चूक. त्याला वाटलं आजीला किळस आली. मला किळस नव्हती आली हो, मला मोरीतल्या पाण्याचा आवाज ऐकू येत होता. तो उठला आणि निघून गेला. सकाळपर्यंत आला नाही.

सकाळी मी चपला घालून निघाले. कुठं जायचं ते ठाऊक नाही. नवी पेठेच्या कोपऱ्यावर तीच रिक्षा उभी. बसले.

"कुटं अम्मा?"

"चालवा कुटंबी."

त्यांनी पुढं विचारलं नाही. समोर बघितलं तर आरसा छताकडं. माझं तोंड कुणालाच दिसत नव्हतं. आणि मंडळी, माझ्या तोंडून सगळं बाहेर पडलं. नातू, पुणं, पावडर, मोरी. नवरा गेला तेव्हा रडले नव्हते इतकी रडले. सिद्धेश्वराच्या तळ्याला एक फेरी झाली, दुसरी झाली. युसूफभाईंनी मधे एकदाच विचारलं, "गोळी किती वाजता खायाचा, ठाव हाय?"

"रातीच्या आठला. आठ वाजले की मोरीकडं जायचा. मला वाटायचं, दात घासतोय."

"म्हंजी काल चुकली. एक डाव चुकली म्हनून मानूस जात न्हाय अम्मा. पर आज चुकाय नको." आणि वळण घेता घेता, "तुमी बोलला त्ये हितंच ठिवू, का कुनाला सांगू?"

"साऱ्या सोलापुराला सांगा, पर माझं लेकरू आणा!"

"साऱ्या सोलापुराला नक्को. एकालाच सांगतो. तुमी घरी जावा, भाकऱ्या थापा. दाराला कडी घालू नका. आला तर जेवतोस का, एवढंच विचारा. बाकीचं सवाल आमच्याकडं ठिवा."

मी त्यांच्या सांगण्याप्रमाणं केलं. चुलीपुढं बसून दुपारपर्यंत भाकऱ्या थापल्या. किती झाल्या ते कळलंच नाही, गल्लीला पुरतील एवढ्या झाल्या. दिवस मावळायच्या आत दारात अक्षय उभा. हातात नवी बाटली.

"जेवतोस का?"

"व्हय."

आठ वाजता त्यानं माझ्या समोर गोळी घेतली. पाण्याचा तांब्या मीच त्याच्या हातात दिला.

नंतर अक्षयनं सांगितलं. तो एसटी स्टँडवर होता, पुण्याच्या गाडीचं तिकीट खिशात, पावडरवाल्या दोस्ताला फोन झालेला. युसूफभाई शेजारी येऊन बसले आणि म्हणाले, "तुज्या आज्जीनं बाटली वतली ती तुला वाचवाय. आता तिला रडवून जायाचं असंल तर जा बाबा. पर गोळी खाऊन जा." ते ऐकून हा उठला. सरकारी दवाखान्यात दोघं गेले, गोळ्या कशा सांडल्या ते सांगितलं, नव्या घेतल्या.

पण मला थक्क केलं ते दुसऱ्याच गोष्टीनं. युसूफभाई अक्षयला दोन महिन्यांपासून ओळखत होते! पुण्याहून आल्या आल्या तो त्यांच्याकडंच जात होता, त्याचं औषध सोलापुरात चालू राहावं म्हणून खटपट त्यांनीच केलेली, म्हणूनच फोन करून त्याला स्टँडवर गाठता आलं. आणि मी मागं बसून नाव घेऊन रडत होते, तर त्यांच्या मानेची शीरसुद्धा हलली नाही. मी पुढं एकदा विचारलं, "अवं, मला तवाच सांगायचं की, पोरगं माझ्या वळखीचं हाय म्हणून. जीव भांड्यात पडला असता." तर म्हणाले, "त्याचं नाव त्याचं हाय, अम्मा. मी कोन सांगनार?" एवढ्या मोठ्या गावाची गुपितं त्या माणसाच्या पोटात आहेत, आणि चेहरा बघाल तर असा, की सकाळपासून चहा तेवढा प्यालाय.

मग एक दिवस ते घरी आले. मी चुलीपुढं, अक्षय जोत्यावर. त्याच्या झोपेचं अजून खरं नव्हतं, गोळीची वेळ चुकायची, फोनची घंटा वाजली की झोपेत बंद करायचा. युसूफभाई चहा पीत पीत मला विचारतात, "अम्मा, ह्येला जेवाय कशी हाक मारता?"

"कशी म्हंजी? अशी. अक्षाऽऽ! ये रं मुडद्या, भाकर वाळून चालली!"

"आन गोळीसाठी मारायची असंल तर?"

मला काय ठाऊक त्यांच्या मनात काय आहे! मी आपली ओरडले, "अक्षाऽऽ! आठ वाजलं! गोळी घे रं मुडद्या, का मी येऊ तितं?"

त्यांनी बशीआड फोन धरला होता. ती हाक त्यांनी अक्षयच्या फोनात घालून दिली. रोज आठला घंटेच्या जागी मीच ओरडायची. ज्या बाईनं गोळ्या मोरीत ओतल्या, तिच्याकडंच त्यांनी गोळीची राखण दिली. दुसऱ्या कुणी मला चार गोष्टी सुनावल्या असत्या आणि बरोबरच होतं. यांनी काम दिलं.

इथं सगळं गोड झालं असं लिहिलं तर ते खोटं होईल. काही महिन्यांनी अक्षय पुण्याला गेला आणि पुन्हा घसरला. कुणाचं तरी घर, पोरं, पावडर, गाणी. आणि बरोबर आठ वाजता खिशातून मी ओरडले! सगळे हसायला लागले म्हणे. "कुणाची रे म्हातारी?" त्या हसण्यातच अक्षयनं गोळी काढली आणि घेतली. तिथं एक जण हसायचा थांबला. हळूच म्हणाला, "माझी परवापासून राहिलीय." त्यानंही घेतली. मग अक्षय जिन्यात येऊन बसला आणि त्यानं युसूफभाईंना फोन केला. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याला घेऊन ते घरी आले. मी उलथनं हातात घेऊनच उभी होते.

युसूफभाईंनी माझ्याकडं बघितलंही नाही. त्याला म्हणाले, "गोळी?"

"घेतली."

"निरोध?"

"पयल्यांदा... म्होरलं आठवत न्हाय चाचा."

"मग उद्या दुसऱ्या आजारांची तपासनी करू. पानी पिलास? जेवलास?"

"अवं त्याला रागवा की!" मी म्हणाले.

"रागवाय लई लोक हायत अम्मा. ते काम त्यांचं. आमचं येगळं."

तेव्हा अक्षय हुंदके देऊन रडला. म्हणाला, पावडर न घेता कुणाला जवळ येऊ द्यायचं तर मला माझीच लाज वाटते. हे तो माझ्यापुढं बोलला. उलथनं मी खाली ठेवलं. त्या दिवसापासून पुढं वर्षभर डॉक्टरीणबाई, बैठका, जागरणं, चिडचिड, सगळं झालं. युसूफभाई एकदाही म्हणाले नाहीत, की आता बास.

मी त्यांना एकदा विचारलं, "ह्ये आरशाचं तुमाला सुचलं कसं?" मग सांगितलं. हे लिहू का म्हणूनही विचारलं, तर म्हणाले, "लिवा अम्मा. त्याचं नाव कुटंतरी छापून येऊ द्या." तर लिहिते. ज्यांच्यासाठी आरसा फिरला त्यांचं नाव शिवप्पा. मैंदर्गीचे. तेही रिक्षाच चालवायचे. युसूफभाईंचं आणि त्यांचं एकमेकांवर प्रेम होतं, बरीच वर्षं. शिवप्पांना हाच आजार झाला तेव्हा ही औषधं आपल्याकडं मिळत नव्हती. शिवप्पा दुखणं लपवायला दारू पीत गेले, दारूनं आणखी खंगले. युसूफभाई त्यांना रिक्षात घालून दवाखान्यात न्यायचे आणि सारखं आरशातून बघायचे, हाय ना नीट म्हणून. एके दिवशी दवाखान्यातून गावी सोडायला जाताना मागून शिवप्पा कानडीत म्हणाले, "नन्न नोडब्याड." म्हणजे माझ्याकडं बघू नको. तोंड पार सुकून गेलेलं, त्याची त्यांना लाज. युसूफभाईंनी हात वर करून आरसा फिरवला. आणि त्या दिवशी शिवप्पा बोलले, कधी बोलले नव्हते एवढं. मैंदर्गीपर्यंत बोलत होते. पुढं शिवप्पा वारले, पण तेव्हापासून तो आरसा तसाच.

मी हे ऐकलं आणि मला तो बारशाच्या दिवशीचा माझा तोरा आठवला. आरसा बिघडलाय म्हणे!

मागच्या महिन्यात आम्ही तिघं दवाखान्यातून येत होतो. अक्षयच्या रक्ताचा कागद आला होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, विषाणू इतका कमी झालाय की यंत्राला सापडत नाही. औषध असंच चालू ठेवलं तर त्याच्याकडून जोडीदाराला लागण व्हायची नाही. मी तीनदा विचारलं. तीनदा त्यांनी तेच सांगितलं, न कंटाळता. पावडरीला हात लावून वर्ष उलटून गेलंय. मी "सुटली" म्हणते, अक्षय म्हणतो, "आजपत्तूर सुटली म्हन, आज्जी."

तर नवी पेठेच्या अलीकडं मागून अक्षय म्हणाला, "चाचा, आरसा सरळ करा की."

युसूफभाईंनी रिक्षा कडेला घेतली. हात वर गेला आणि तिथंच थांबला. मग त्यांनी जोर लावला, तर आरसा हलेना. इतकी वर्षं एकाच जागी, स्क्रू गंजून बसलेला. शेवटी अक्षयनं पुढं वाकून तो ढिला केला आणि दोघांनी मिळून आरसा खाली आणला. धुळीनं भरलेला. युसूफभाईंनी रुमालानं आधी आरसा पुसला, मग डोळे. आणि त्यात आम्ही तिघं दिसलो. माझा पदर वाकडा होता, तो मी नीट केला. अक्षय आरशात बघतच राहिला, आणि आरशातून युसूफभाई त्याच्याकडं.

घर आल्यावर उतरले आणि मागं वळून बघितलं, तर युसूफभाई आरसा परत छताकडं फिरवत होते. म्हटलं, "अवं, आता कशाला?"

"हौ अम्मा. म्होरल्या खेपेला मागं कोन बसंल काय सांगावं."

आता शेवटचं, ते रागाचं. या माणसाला स्वतःला साखर आहे. दुसऱ्यांच्या गोळ्यांची वेळ तोंडपाठ, स्वतःची गोळी रिक्षाच्या डब्यात पडलेली असते. म्हणून पोरांनी आणि मी मिळून साठीची भेट तयार केली आहे. माझी हाक आता बऱ्याच पोरांच्या फोनात आहे, नाव बदलून, कुणाला मुडद्या, कुणाला भाड्या. युसूफभाईंसाठी वेगळी केली, मानाची, शिवी काढून टाकली. रोज सकाळी जेवायच्या आधी वाजेल.

युसूफभाई, तुम्ही शंभर वर्षं जगावं, धडधाकट जगावं, आणि त्या नवी पेठेच्या कोपऱ्यावर तुमची रिक्षा उभी असावी, एवढंच माझं मागणं. मी तुमच्यापेक्षा मोठी, मी आधी जाईन. पण फोनात मी असणारच आहे, तेव्हा सुटका नाही. सकाळी मी ओरडेन, "युसूफभाई, साखरेची गोळी घ्या, का मी येऊ तितं?" तुम्ही कुठंही असा, कुणीही मागं बसलेलं असो, तेवढी गोळी तोंडात टाका आणि "हौ अम्मा" म्हणा.